मदत हवी आहे: बोच्चोनीचं 'ला चित्ता के साले' १९२४ ते १९५१ कुणाकडे होतं?

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी इटालियन चित्रकार उंबेर्तो बोच्चोनीच्या 'ला चित्ता के साले' (उभं राहतं शहर) या एकाच चित्रावर लिहितेय. १९१०चं मिलान, शहराच्या वेशीवर वीजकेंद्राचं बांधकाम, मागे परांच्या आणि धुराडी, मधोमध उधळलेला लाल घोडा आणि त्याला आवरताना ओणवे झालेले मजूर. कॅनव्हास जवळपास दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद. आता ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. चित्राबद्दल लिहून झालंय, अडलंय ते मालकीपाशी.

१९११मध्ये मिलानला ते 'इल लाव्होरो' (श्रम) या नावाने लागलं होतं. म्हणजे जुन्या याद्या चाळताना दोन्ही नावं शोधायला हवीत. मार्च १९१२मध्ये फ्यूचरिस्टांचं (वेग, यंत्रं आणि आधुनिक शहर यांनी भारावलेल्या, बोच्चोनीच्या गटातल्या इटालियन कलावंतांचं) प्रदर्शन लंडनच्या सॅकव्हिल गॅलरीत आलं, तिथे पियानोवादक फेरुच्चो बुसोनीने ते विकत घेतलं. १९१६मध्ये इटलीतल्या पाल्लांत्साला बोच्चोनीने याच बुसोनीचं व्यक्तिचित्र रंगवलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घोड्यावरून पडून बोच्चोनी गेला. वय ३३. हे कळल्यावर दोन दिवस मला पुढे लिहवेना.

बुसोनी १९२४मध्ये बर्लिनला वारला. संग्रहालयाने चित्र घेतलं १९५१मध्ये. चित्राखालच्या ओळीत 'मिसेस सायमन गुगनहाइम निधी' असं आहे, पण त्यावरून पैसा कुठून आला एवढंच कळतं, विकणारा कोण ते नाही. या २७ वर्षांत १९३३ ते १९४५चा नाझी राजवटीचा काळही येतो. काही काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही, पण बर्लिनमधल्या माणसाच्या चित्राबाबत तो काळ कोरा सोडणं मला पटत नाही.

बुसोनीचा धाकटा मुलगा राफाएल्लो स्वतः चित्रकार, पुढे अमेरिकेत पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. हे चित्र वारशाने त्याच्याकडे आलं होतं का? की आई गेर्डाकडेच राहिलं? १९४९मध्ये याच संग्रहालयात विसाव्या शतकातल्या इटालियन कलेचं मोठं प्रदर्शन झालं होतं. त्याचा कॅटलॉग कुणाकडे असेल तर कृपया बघाल का, हे चित्र त्यात आहे का आणि ते कुणी दिल्याची नोंद आहे? न्यूयॉर्कला राहणाऱ्या कुणी संग्रहालयाच्या ग्रंथालयात असं काम केलं असेल तर तिथे रीतसर विचारणा कशी करायची तेही सांगा.

मिलानच्या ब्रेरा कलासंग्रहालयात याच विषयाचं एक छोटं चित्र आहे, जेसी संग्रहातून आलेलं. त्याची माहिती यात मिसळू नये एवढी विनंती.