मदत हवी आहे : १९७२ ची एमजीबी रोडस्टर घ्यावी की अलीकडची एमएक्स-५?

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये, वॉरिकशायरमधल्या एका लहान गावात राहते. उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी घ्यावी ही जुनी इच्छा आता पुरी करता येईल एवढी, म्हणजे बारा हजार पौंडांची, तजवीज झाली आहे. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत : एक १९७२ ची, ब्रिटिश एमजी कंपनीची एमजीबी रोडस्टर आणि दुसरी २०१७ ची, दीड लिटर इंजिनाची माझदा एमएक्स-५. दोन्ही चालवून पाहिल्या, दोन्ही आवडल्या, आणि तीन आठवडे झाले तरी निर्णय होत नाही. या मंचावर जुन्या गाड्या स्वतः सांभाळणारी मंडळी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. रोज कामाला मी आगगाडीने जाते, त्यामुळे ही गाडी शनिवार-रविवारची; वर्षाला तीनेक हजार मैल होतील आणि शेजारच्या आसनावर बहुतेक वेळा माझा पंधरा वर्षांचा मुलगा असेल.

एमजीबीकडे माझा ओढा का आहे ते आधी सांगते, म्हणजे त्यात भावनेचा भाग किती याचा अंदाज तुम्हांला येईल. माझे वडील कऱ्हाडला अ‍ॅम्बॅसडरची टॅक्सी चालवत आणि तिचे बहुतेक काम घरासमोरच्या कडुनिंबाखाली स्वतः करत. टॅपेट लावायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची असली की टॉर्च धरायला मी असे. फिलर गेजचे, म्हणजे फट मोजायचे पातळ पाते रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधल्या फटीत सरकवून ते माझ्या हातात देत आणि विचारत, "अडकतंय का, की नुसतं घासतंय?" ते नुसते घासले पाहिजे, अडकता कामा नये. विक्रेत्याने एमजीबीचे बॉनेट उघडले तेव्हा मला ते इंजिन ओळखीचे वाटले, आणि ते उगाच नव्हे. जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन ही दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातली आहेत. तोच ओतीव लोखंडाचा ठोकळा, वर तसेच पत्र्याचे रॉकर कव्हर. एमजीबीला एसयूचे दोन कार्बोरेटर, एवढाच काय तो पहिल्या नजरेत दिसणारा फरक. हे इंजिन मला माझ्या हाताने सांभाळता येईल, असे तिथेच उभे राहून वाटले.

आता चालवण्याविषयी. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला बनली आणि जीटी या बंद टपाच्या प्रकारासह पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या, म्हणजे ही काही दुर्मीळ, कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. सुरुवातीला कंपनी ९५ अश्वशक्ती सांगत असे आणि शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग गाठायला हिला बारा सेकंदांच्या आसपास लागतात. आजच्या साध्या कुटुंबाच्या गाड्याही हिला मागे टाकतील. पण मी तिला कॉट्सवोल्ड्सच्या बाजूच्या एका अरुंद रस्त्यावर ताशी ४५ मैलांनी नेली, आणि त्या वेगात जेवढे कळत होते तेवढे मला आजवर कोणत्याही गाडीत कळले नव्हते. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे रस्त्याचा खडबडीतपणा तळहातापर्यंत येतो. मागच्या स्प्रिंगांचे पाटे खड्ड्यावर धडकतात ते कमरेला कळते. गिअर बदलण्यापूर्वी इंजिनाचा आवाज ऐकावा लागतो, आणि वळणाआधी ब्रेक कधी लावायचा हे आपणच ठरवायचे असते.

याउलट एका सहकाऱ्याची तीनशे अश्वशक्तीची नवी स्पोर्ट्स कार मी चालवली, तेव्हा दुसऱ्या गिअरमध्येच ताशी ६० मैलांची, म्हणजे येथील गावांबाहेरच्या रस्त्यांची कायद्याची मर्यादा आली. गाडी उत्तम होती, तिच्यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण तिची खरी मजा जेथे सुरू होते तेथे सार्वजनिक रस्त्यावर जाताच येत नाही. शिवाय रुंदीचा प्रश्न आहेच. एमजीबी साधारण १.५२ मीटर रुंद आहे. एमएक्स-५ लांबीला जवळजवळ तेवढीच, पण रुंदीला सुमारे १.७३ मीटर, आणि आजच्या स्पोर्ट्स गाड्यांत हीच लहान समजली जाते. दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती आणि समोरून ट्रॅक्टर, अशा वेळी ही वीतभर जागा फार महत्त्वाची ठरते.

तरीही एमएक्स-५ ला मी परकी मानत नाही. तिचे मुख्य अभियंता तोशिहिको हिराई यांनी घोडा आणि स्वार एकजीव असावेत, ही कल्पना समोर ठेवून ती घडवली आणि १९८९ साली, म्हणजे एमजीबी बंद होऊन जेमतेम नऊ वर्षांनी, ती शिकागोच्या प्रदर्शनात आली. ब्रिटिश कारखान्यांनी सोडून दिलेली जागा जपानी लोकांनी घेतली, आणि ती प्रामाणिकपणे घेतली : पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, कमी वजन आणि हाताने मागे लोटायचा कापडी टप. मी पाहिलेली गाडी आजच्या सगळ्या सुरक्षा-साधनांसह हजार किलोंच्या आसपासच भरते, ही मला अचंब्याची गोष्ट वाटते. पहाटेच्या थंडीत एका झटक्यात सुरू होते, पावसात गळत नाही आणि तिचा गिअर इतका नेमका पडतो की हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो.

माझ्या शंका दोन आहेत. पहिली गंजाची. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळा भार अंगावरच असतो, आणि वर टप नसल्यामुळे दरवाज्यांखालच्या सिल या पेटीसारख्या भागावर तिची ताकद अवलंबून असते. विक्रेता म्हणतो, सिल नव्या आहेत. मी खिशातले लोहचुंबक रुमालात गुंडाळून सिलवर फिरवले. पुढे ते घट्ट चिकटले, पण मागच्या चाकाकडे चार बोटांच्या जागेत निसटले. तेथे पत्र्यावर पुट्टी जाड भरलेली असावी. चाळीस वर्षांपुढील गाडीला येथे रस्ता-कर भरावा लागत नाही, आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले नसतील तर एमओटीची वार्षिक तपासणीही २०१८ पासून सक्तीची नाही. विक्रेता हा गाडीचा गुण म्हणून सांगत होता. मला मात्र त्याची काळजी वाटली, कारण सात वर्षांत तिच्या पोटाखाली कोणीच पाहिलेले नाही.

दुसरी शंका मुलाची. एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही, आणि १९७२ च्या या गाडीत ब्रेकचे सर्किटही एकच आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. मी स्वतःपुरता धोका पत्करीन. त्याच्या वतीने तो पत्करण्याचा अधिकार मला आहे का, हे मला खरोखर कळत नाही. ज्यांनी आपल्या मुलांना अशा गाडीतून नेले आहे, त्यांनी कसा विचार केला?

प्रतिसाद १

ताई, माझ्याकडे नऊ वर्षे एमजीबी आहे, म्हणून अनुभवाचे लिहितो. चुंबकाने तुम्हांला अर्धे उत्तर दिले आहे, उरलेले अर्धे जॅक देईल. विक्रेत्याच्या परवानगीने गाडी सिलच्या मागच्या टोकाजवळ हळूहळू उचला आणि त्या बाजूचा दरवाजा उघडून लावून पाहा. अंग मजबूत असेल तर दरवाज्याच्या कडेची फट होती तेवढीच राहते. सिल आतून खाल्लेली असेल तर गाडी मधोमध वाकते, वरची फट मिटते आणि दरवाजा लागत नाही. या सिलमध्ये बाहेरचा, मधला आणि आतला असे पत्र्याचे थर असतात. कुजलेल्यावर नुसता बाहेरचा नवा पत्रा चढवला की विक्रीच्या दिवशी ते छान दिसते. म्हणून "नव्या सिल" या शब्दांवर विसंबू नका, जुने कापून काढल्यानंतरचे आणि वेल्डिंग चालू असतानाचे फोटो मागा. एमओटी सक्तीची नसली तरी स्वखुशीने करून घेता येते. ती करून देण्यास विक्रेत्याने नकार दिला, तर परत या.

सुट्या भागांची चिंता करू नका. विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून एमजीबीचे संपूर्ण नवे अंगसुद्धा बनवते आहे; इतक्या जुन्या कोणत्या गाडीला हे भाग्य लाभते? पेट्रोल मात्र पाहून भरा. २०२१ पासून येथील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्या खाते. महागडे सुपर पेट्रोल घ्या आणि नळ्या नव्या बसवा. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडले की गाडी आत ठेवा, आणि वसंतातले दोन चांगले पाऊस रस्ता धुऊन काढेपर्यंत बाहेर काढू नका.

प्रतिसाद २

मी उलट दिशेने गेलेला माणूस आहे. सहा वर्षांनी एमजीबी विकून एमएक्स-५ घेतली आणि मला पश्चात्ताप नाही. जुनी गाडी मी महिन्यातून दोनदा काढत असे, कारण आकाश पाहावे लागे, बॅटरी पाहावी लागे, आणि निघताना बरोबर हत्यारांची पिशवी लागे. नवी मी कारण नसतानाही काढतो. मुलाबद्दलचा तुमचा प्रश्न मला मात्र सोपा वाटतो. मनात शंका ठेवून तुम्ही गाडी चालवणार असाल, तर ज्या मोकळेपणासाठी ती घेता आहात तोच मिळणार नाही. निर्णयाआधी दोन्ही गाड्या एकदा पावसात, संध्याकाळी, मोटरवेवर चालवून पाहा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी पुन्हा गेले आणि जॅक बरोबर नेला. विक्रेत्याने आढेवेढे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. कदाचित त्यांनाही माहीत नसावे. गाडी तीन इंच उचलली तेव्हा दरवाज्याच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात माझे बोट मावत होते तेथे नखही जाईना, आणि दरवाजा लावायला गेले तर कुलूप पट्टीवर आपटून परत आले. आम्ही दोघेही थोडा वेळ काहीच बोललो नाही. गाडी खाली घेतली, त्यांनी चहा दिला आणि मी परत आले.

पावसातली मोटरवेची फेरीही झाली. एमएक्स-५ मध्ये मी आणि मुलगा नेहमीच्या आवाजात बोलत घरी पोहोचलो. तो म्हणाला, "आई, ही छान आहे, पण त्या जुन्या गाडीत तू गप्प बसून ऐकत होतीस." त्या वाक्याने माझा एमजीबीचा विचार पुन्हा बळावला.

परवा एक तिसरी गाडी सापडली आहे, तिच्याबद्दल मत हवे. १९७८ ची एमजीबी आहे, म्हणजे काळ्या रबरी बंपरची. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ च्या अखेरीपासून हे बंपर आले आणि गाडी उंचही केली गेली, म्हणून रसिक तिला नाके मुरडतात आणि किंमतही कमी येते. पण मला हव्या त्या गोष्टी हिच्यातच दिसतात : ब्रेकची दोन सर्किटे, वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा ओव्हरड्राइव्ह मुळातच बसवलेला, वळणावर गाडी कलंडणे कमी करणारा अँटी-रोल बार मागेही, आणि आसनामागे दडलेल्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांऐवजी बारा व्होल्टची एक. सिल कापून काढल्याचे, तिन्ही पत्रे नवे घातल्याचे चौतीस फोटो मालकिणीने आपणहून पाठवले आणि गेल्या पाचही वर्षांचे एमओटीचे कागद आहेत. मागतात साडेसात हजार पौंड. उरलेल्या पैशांतून आपोआप आवळणारे सीट बेल्ट, गाडी उलटली तर डोके वाचवणारा भक्कम रोल बार डोक्यामागे आणि उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा बसवायचा विचार आहे. उंची पूर्ववत केल्यावर ही गाडी वळणांवर आधीच्या क्रोम बंपरच्या गाडीइतकी स्थिर होते का, आणि रोल बार बसवल्यावर कापडी टप नीट मिटतो का, हे ज्यांनी स्वतः केले असेल त्यांनी कृपया सांगावे. रविवारी सकाळी दहाला गाडी पाहायला जाते आहे. जॅक आणि चुंबक घेऊन.