अनुभव धागा : मजकुरातल्या तारखा आणि क्वेरीतली डोकेदुखी

कोकणात बसून डेटाबेस सांभाळणारे आपण बरेच आहोत. कोणी मच्छीमार सोसायटीचा, कोणी आंब्याच्या पेट्यांचा, कोणी होमस्टेच्या बुकिंगचा. पहिलं टेबल ज्याने बनवलं त्याने तारखेचा कॉलम खुशाल मजकूर म्हणून ठेवला आणि पठ्ठ्या गेला पुण्याला. त्या मजकुराची क्वेरीत (डेटाबेसला माहिती विचारणाऱ्या आज्ञेत) तारीख करताना काय काय निस्तरावं लागलं, ते लिहा. डेटाबेस कुठला ते सांगाच, प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

खाडीकाठ, रत्नागिरी
पोस्टग्रेस. बंदरावर उतरलेल्या मासळीच्या नोंदी वेगवेगळ्या टॅबलेटवरून येतात. काही टॅबलेट दिवस/महिना लिहायचे, काही अमेरिकन पद्धतीने महिना/दिवस. कॉलम एकच. आम्ही टू_डेटला (मजकुराची तारीख करणारं फंक्शन) 'डीडी/एमएम/वायवायवायवाय', म्हणजे दिवस/महिना/वर्ष, सांगितलं. ०१/२५/२०२३ आलं की क्वेरी तिथेच अडते, कारण पंचविसावा महिना नसतो. हे बरंच म्हणायचं. खरी पंचाईत १२ पर्यंतच्या आकड्यांची. ०१/०७ म्हणजे ७ जानेवारी, पण डेटाबेस निमूटपणे १ जुलै करून मोकळा.

पकडलं ते सोसायटीतल्या एका जुन्या तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने). मासिक तक्ता बघून म्हणाला, "जुलैत ट्रॉलरचो बांगडो खंयसून इलो रे?" १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी, सगळे ट्रॉलर नांगरलेले, आणि आमच्या तक्त्यात टनावारी बांगडा! मग जून-जुलैच्या ट्रॉलरच्या ओळी वेगळ्या काढल्या, तर सगळ्या ठरावीक टॅबलेटच्या निघाल्या. आता केस (अट बघून पर्याय निवडणारी रचना) लावून टॅबलेटच्या क्रमांकाप्रमाणे फॉरमॅट निवडतो. नुसत्या आकड्यांकडे बघून दिवस कुठला, महिना कुठला हे ओळखायच्या फंदात पडू नका.

धोपावेकर
मायएसक्यूएल. फेरीबोटीच्या तिकिटांचा अहवाल. मार्चभर प्रत्येक फेरी कुठल्याही तासाला बरोब्बर ३ मिनिटांनी सुटलेली! कोणीतरी मिनिटांच्या जागी %एम (लहान लिपीतला) टाकला होता, तो महिना. मिनिटांना %आय. उलट दिशेची, म्हणजे तारखेचा मजकूर करतानाची चूक आहे, पण मजकुराची तारीख करणाऱ्या स्ट्र_टू_डेटलाही हीच अक्षरं लागतात म्हणून लिहिलं.

हापूसवाली, देवगड
आमच्याकडे एसक्यूएलाइट, आणि कॉलममध्ये तीन जातींचा माल. काही ठिकाणी सरळ तारीख. काही ठिकाणी ४५३८५ असा नुसता आकडा, म्हणजे एक्सेलमधून आलेला दिवसांचा क्रमांक. ३० डिसेंबर १८९९ मध्ये तेवढे दिवस मिळवले की ३ एप्रिल २०२४ येते, ऐन पेट्यांच्या धावपळीतली. तिसरी जात मात्र झकास : मुनीमकाकांनी मराठी कळफलकावरून तारखा देवनागरी आकड्यांत टाकल्या होत्या. डेट फंक्शनला ते आकडे कळत नाहीत, रिकामं उत्तर देतं. एसक्यूएलाइटमध्ये ट्रान्सलेट (एका दमात अनेक अक्षरं बदलणारं फंक्शन) नाही, म्हणून एकेक आकडा बदलणारे दहा रिप्लेस एकात एक घातले. बघायला भयंकर, पण चालतं. काकांना काही बोलले नाही, त्यांच्या वजनाच्या नोंदी एकदम चोख असतात.

धोपावेकर
ताई, पोस्टग्रेस किंवा ओरॅकल असतं तर एका ट्रान्सलेटमध्ये भागलं असतं.

लिलाव, हर्णै
पोस्टग्रेस. सर्व्हर युटीसीत. मजकूर असा : २०२३-१२-०४टी२३:४५:००झेड. शेवटचा झेड म्हणजे ग्रीनिचची वेळ. आपल्याकडे साडेपाच तास पुढे, म्हणजे ५ डिसेंबरची पहाट, सव्वापाच. पण कोणीतरी ते साध्या टाइमस्टॅम्पमध्ये (टाइमझोन नसलेली तारीख-वेळ) कास्ट केलं, म्हणजे बदललं होतं. तिथे झेडकडे साफ दुर्लक्ष होतं आणि कुठली सूचनाही येत नाही. पहाटेचे व्यवहार आदल्या दिवशी जमा, आणि व्यापाऱ्यांची रोज भांडणं. आधी टाइमस्टॅम्पटीझेड (टाइमझोन पाळणारा प्रकार), मग 'एशिया/कोलकाता', आणि त्यानंतरच तारीख काढायची.

माडबन
एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी ट्राय_कन्व्हर्ट वापरा, शैली १०३ दिली की दिवस/महिना/वर्ष. न जमलेल्या ओळी नल (रिकाम्या) होतात, क्वेरी कोसळत नाही. खाडीकाठ, मूळ कॉलम उडवलात का?

खाडीकाठ, रत्नागिरी
नाही हो. मजकूर आहे तसाच ठेवलाय, शेजारी खऱ्या तारखेचा कॉलम भरला. इंडेक्सही (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची) त्याच्यावरच, नाहीतर प्रत्येक क्वेरीत सगळ्या ओळी रूपांतरित करत बसायचं. ज्या ओळींवर टॅबलेटचा क्रमांकच नाही, त्या अजून रिकाम्या आहेत. तांडेलांच्या वह्यांशी ताडून बघायच्यात, वह्या शिमग्यानंतर देतो म्हणालेत.