मैदानी क्लब गुंडाळा म्हणणाऱ्यांसाठी

तिसरी स्लिप

परवा 'मोकळं मैदान' यांनी इथे लिहिलं की मुंबईचे मैदानी क्लब म्हणजे सरकारी जमिनीवर ठाण मांडून बसलेली जुनी मंडळी. आठवडाभर तंबू बंद, रविवारी बावीस जण खेळणार आणि बाकी जनतेनं दोरीबाहेरून बघायचं. आता अकादम्या आहेत, भाड्यानं मिळणारी प्लास्टिक गवताची टर्फ आहेत, तेव्हा क्लबांचं काम संपलं, मैदानं सगळ्यांना खुली करा. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते वाचून झोप लागेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

अकादमी काय देते? नेट. तुमच्या पोराच्याच वयाची पोरं, कोच थ्रोडाउन टाकतो, वेळ संपली की पॅड काढ, पुढचा ये. क्लब देतो मॅच. तीही कोणाविरुद्ध? बँकेत काउंटरवर बसणाऱ्या आणि वीस वर्षं एकाच टप्प्यावर ऑफस्पिन टाकणाऱ्या माणसाविरुद्ध. तो पोराला एकही फुकटचा बॉल देत नाही, आउट झाल्यावर मात्र तंबूत शेजारी बसवून पाय कुठे पडला ते सांगतो. पंधरा वर्षांच्या मुलाला चाळिशीच्या माणसाविरुद्ध खेळायला मिळणं हेच मुंबईचं क्रिकेट होतं. सचिन अकराव्या वर्षी, १९८४ मध्ये, जॉन ब्राइटकडून कांगा लीग खेळला तो काय अंडर-११ मध्ये?

कांगाचा एक रविवार तरी जाऊन बघा. १९४८ पासून ही लीग मुद्दाम पावसात, उघड्या विकेटवर, म्हणजे न झाकलेल्या खेळपट्टीवर, होते. गवत इतकं वाढलेलं की जमिनीवरून मारलेला ड्राइव्ह पंधरा यार्डांत मरतो. शॉट वरूनच मारावा लागतो, आणि वरून मारला की झेल. रनअपवर भुशाची गोणी रिकामी केलेली असते, बॉलरच्या कमरेला टॉवेल, आणि बॉल गवतात गेला की दोन्ही टीमचे लोक वाकून शोधताहेत. टर्फवरच्या हिरव्या प्लास्टिकवर हे कुठून शिकणार?

आझाद मैदानात बावीस विकेट आहेत. एका मॅचचा कव्हरचा फील्डर दुसऱ्या मॅचच्या स्क्वेअर लेगला पाठ लावून उभा असतो. यशस्वी जयस्वाल तिथल्याच मुस्लिम युनायटेडच्या तंबूत माळ्यांबरोबर झोपत होता. कुठली अकादमी अशा पोराला आसरा देईल? त्या मैदानाचा एक तुकडा मेट्रो-३ च्या कामाला गेला, एक मोर्चांना ठरवून दिलेला आहे, आणि बोट दाखवायचं ते क्लबांकडे.

मोकळं मैदान

माझं नाव घेऊनच लिहिलंय तर उत्तर देतो. कांगाचं वर्णन छान आहे. पण मी लिहिलं होतं क्लब आज काय आहेत त्याबद्दल, तुम्ही लिहिलंत ते काय होते त्याबद्दल.

एमसीएची, म्हणजे मुंबई क्रिकेट असोसिएशनची, मतदारयादी काढून बघा. ३२९ सभासद संस्था, त्यातले २११ मैदानी क्लब. म्हणजे असोसिएशन कोणाच्या ताब्यात जाणार हे हे क्लब ठरवतात. ज्या दिवशी क्लबाच्या मताला किंमत आली, त्या दिवसापासून क्लब चालवायला खेळाची गरज उरली नाही. लीगपुरते अकरा जण कुठूनतरी गोळा करायचे, संलग्नता टिकवायची आणि निवडणूक आली की सेक्रेटरीला भाव. असे किती क्लब आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि माझा खरा राग. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, मीडियम पेस टाकते. आमच्या घराजवळच्या मैदानावर क्लबाचं नेट आहे. विचारायला गेलो तर म्हणाले, मुलींचं आमच्याकडे काही नाही, संध्याकाळी नेट रिकामं झालं तर बघू. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळला डी. वाय. पाटीलवर हरमनप्रीतच्या टीमनं वर्ल्ड कप जिंकला, सगळ्या क्लबवाल्यांनी स्टेटस ठेवले. त्यानंतर आम्ही परत गेलो. उत्तर तेच! मग तुमच्या त्या बँकेतल्या ऑफस्पिनरच्या शेजारी बसायला माझ्या मुलीला जागा कधी मिळणार?

पहाटेची लोकल

दोघंही दादर-माटुंग्याच्या आतच भांडताय. मी नालासोपाऱ्याहून लिहितेय.

एमसीएची हद्द चर्चगेटपासून डहाणूपर्यंत आणि सीएसएमटीपासून बदलापूरपर्यंत. आणि नाव असलेले क्लब, चांगल्या विकेट, सिलेक्टरांची ये-जा, सगळं दादरच्या खाली. क्रिकेट खेळणारी मराठी कुटुंबं तीस-चाळीस वर्षांपूर्वीच गिरगाव, परळ, दादर सोडून वसई-विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली. क्लब तिथेच बसून राहिले आणि आता म्हणतात, पोरं येत नाहीत.

माझा मुलगा विकेटकीपर आहे. साडेनऊच्या मॅचला रिपोर्टिंग आठ-सव्वाआठला. किटबॅग घेऊन विरार लोकलमध्ये चढायचं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. लोक बॅगेला लाथ मारतात, "मालडब्यात जा" म्हणतात. तिथे पोचल्यावर कळतं, आज तू बारावा. संध्याकाळपर्यंत पाणी ने-आण करायची आणि परत लोकल. एका मोसमात हे इतक्या वेळा झालं की त्याच्या वडिलांनी सांगितलं, पुरे. शेजारच्या टर्फवर निदान हातात बॅट तरी मिळते.

कोणी शार्दूल ठाकूरचं उदाहरण देऊ नका, आधीच सांगते. तो पालघरहून लोकलनं यायचा हे आम्हा सगळ्या आयांना तोंडपाठ आहे. एक शार्दूल पोचला म्हणून न पोचलेल्यांचा हिशेब संपत नाही.

लालबागचा यॉर्कर

ताईंनी मुद्द्याला हात घातला. पण एक राहिलंच. 'क्लब' म्हटलं की तुम्हा लोकांना पांढरे कपडे आणि लेदरचा सीझन बॉलच दिसतो. गिरणगावात प्रत्येक चाळीचं मंडळ म्हणजे क्लब होता. टेनिस बॉल, ओव्हरआर्म, बक्षिसाला ढाल, आणि गॅलरीत माणसं खचाखच. वर्गणी चाळ काढायची. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, मग चाळी गेल्या, टॉवर आले. टॉवरला पोडियम आहे, तिथे 'बॉल खेळण्यास मनाई' अशी पाटी आहे. आमचे क्लब मेले तेव्हा एकाही जिमखान्यानं हळहळ व्यक्त केली नाही. आज तुमच्या तंबूवर आलं तर परंपरा आठवली.

टाइम्स शील्ड

लालबागकर, भावना समजतात. पण टेनिस बॉलला आणि मैदानी क्रिकेटला एका ताटात वाढू नका. मी ऑफिसकडून बरीच वर्षं खेळलो आहे. टेनिस बॉलवाला मुलगा आमच्याकडे ट्रायलला आला की पहिल्या षटकात ओळखू यायचा. पुढचा पाय बाजूला, बॅट आडवी, आणि शॉर्ट बॉलला डोळे मिटलेले. ती सवय जाता जात नाही.

मूळ विषयावर एकच सांगतो, कारण कोणीच बोललं नाही. क्लब खेळाडूंच्या जोरावर चालायचे आणि खेळाडू नोकरीच्या जोरावर. टाटा, मफतलाल, निर्लॉन, स्टेट बँक, रेल्वे. चांगला खेळलास की नोकरी, दुपारी नेटला सुट्टी, रविवारी क्लब. कंपन्यांनी टीमा बंद केल्या, भरती थांबवली. आता पंचविशीतला मुलगा रणजीपर्यंत पोचला नाही तर खेळ सोडून देतो, त्याचा पगार कोण देणार? ज्या मुरलेल्या माणसांविरुद्ध पोरांनी खेळावं असं 'तिसरी स्लिप' म्हणतात, ती माणसंच तयार व्हायची थांबली. क्लब टिकवायचे असतील तर आधी नोकऱ्या आणा.

लालबागचा यॉर्कर

"डोळे मिटलेले"? साहेब, आमच्या पोरांनी सिमेंटच्या गल्लीत, पाण्यानं जड झालेला टेनिस बॉल छातीपर्यंत उडताना खेळलाय, हेल्मेटशिवाय. तुमच्याकडे ट्रायलला येणाऱ्याकडे स्वतःचे पॅडही नसायचे. अब्डॉमिनल गार्ड दुसऱ्याचा उसना घ्यायचा. त्याला दोन ओव्हरमध्ये 'आडवी बॅट' म्हणून घरी पाठवलंत. तंत्र शिकवायला वेळ दिलात का? माझ्या थोरल्या भावाला याच कारणानं परत पाठवलं होतं. तो नंतर डोंबिवलीपासून अलिबागपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळला आणि त्यावर घर चालवलं. मार्च २०२४ मध्ये ठाण्याला दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये टेनिस बॉलची टी-टेन लीग झाली, पैसे लावणारे आले, टीव्हीवर दिसली. तुमच्या टाइम्स शील्डला, त्या ऑफिस टीमांच्या स्पर्धेला, आज प्रेक्षक किती?

टाइम्स शील्ड

प्रेक्षकांवरून खेळाचा दर्जा ठरत नाही. रात्रभर स्पीकर लावून कॉमेंट्री करायची, सिक्सला हजार आणि हॅटट्रिकला बाइक जाहीर करायची, याला मी क्रिकेट म्हणत नाही. तुमच्या भावाबद्दल आदर आहे, पण एका माणसावरून नियम होत नाही. मुंबईनं ४२ रणजी जिंकल्या त्या टेनिस बॉलवर नव्हे.

लालबागचा यॉर्कर

त्या ४२ मधली शेवटची मार्च २०२४ ची. त्याच्या आधीची २०१५-१६ ची. मध्ये आठ वर्षं गेली आणि तेवढ्यात विदर्भानं दोनदा नेली. तेव्हा कुठे होते जिमखाने? आणि "याला मी क्रिकेट म्हणत नाही" असं म्हणणारे तुम्ही कोण? हीच भाषा ऐकून आमच्या पिढीनं जिमखान्याची पायरी चढायची सोडली. तोंड सांभाळून लिहा.

पहाटेची लोकल

तुमचं दोघांचं चालू द्या, पण माझ्या मुलाचं काय ते कोणी बोलेल का? त्याला टेनिस बॉलही चालतो आणि सीझन बॉलही. त्याला अकरात जागा हवी आहे.

खिडकीची काच

मी क्रिकेटविरोधी नाही, पण मैदानाला लागून राहणाऱ्यांचंही ऐका. शिवाजी पार्कची लाल माती उन्हाळ्यात घरात भांड्यांवर बसते. माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, आम्ही दुपारी खिडक्या उघडतच नाही. गाडीची काच दोनदा फुटली, दोन्ही वेळा क्लबच्या लोकांनी "बॉल कुठून आला माहीत नाही" म्हणून हात झटकले. पूर्वी शेजारी आणि क्लब एकमेकांना ओळखत होते, कारण शेजाऱ्यांचीच मुलं खेळायची. आता आमच्या इमारतीतला एकही मुलगा त्या क्लबात नाही. मग आम्ही धूळ का सोसायची?

तिसरी स्लिप

क्रमानं नाही, जसं सुचतं तसं लिहितो.

खिडकीची काच, धुळीवर पाणी मारायचं काम महापालिकेचं आहे. काच भरून देणं क्लबाचं आहे, आणि जो क्लब ते टाळतो त्याची बाजू मी घेणार नाही. पण तुमचं शेवटचं वाक्य मला खरं दुखणं वाटतं. माटुंग्याच्या दडकर मैदानावर दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना भिडायचे तेव्हा लोक ऑफिसातून लवकर निघून यायचे, कारण एका बाजूला माधव मंत्री, वासू परांजपे, गावसकर, वेंगसरकर आणि दुसऱ्या बाजूला विजय मांजरेकर, वाडेकर, रमाकांत देसाई ही गल्लीत भेटणारी माणसं होती. आज क्लबचा ओपनर कांदिवलीचा, बॉलर पनवेलचा. शेजाऱ्याला त्याचं काय?

लालबागकर, तुमच्या भावाला जसं परत पाठवलं ते चूक होतं. 'टाइम्स शील्ड' मान्य करणार नाहीत, मी करतो. मुंबईच्या मैदानावर मनाईच्या पाटीपुढे उभं राहायची ही पहिली वेळ नाही. १८८० च्या सुमारास गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी मैदान उखडलं म्हणून देशी क्रिकेटवाल्यांनी सरकारकडे अर्ज केले होते. ज्यांनी जागेसाठी भांडून खेळ उभा केला, त्यांच्या वारसांनी दार लावून घेऊ नये.

मोकळं मैदान, मतांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण तुमचा इलाज उलटा आहे. तंबू उठवलेत तर विकेट कोण राखणार? माळ्याचा पगार, रोलर, पावसाळ्यानंतरची माती हे सगळं सेक्रेटरी आणि दोन-चार जुने खेळाडू खिशातून करतात. विकेटवरून लोक चालायला लागले की दोन महिन्यांत तिथे नुसतं पटांगण उरतं, मग त्यावर लग्नाचा मंडप येतो, मग पार्किंग. मत काढून घ्या, तंबू नको. जो क्लब सोळा वर्षांखालच्या मुला-मुलींचं नेट चालवत नाही, लीगमध्ये त्यांना खेळवत नाही, त्याला एमसीएत मत नाही, असा नियम करा. आणि पहाटेची लोकल, वसई-विरार आणि कल्याण पट्ट्यात कांगाचे खालचे दोन-तीन विभाग तिथल्या मैदानांवर खेळवायला हवेत. पोरानं चर्चगेटला येण्याऐवजी शहरातल्या टीमनं रविवारी विरारला जावं.

टाइम्स शील्ड

विरारला? अंपायर जाणार नाहीत. विकेट कोण बनवणार?

पहाटेची लोकल

आम्ही जातो तसे जातील. किटबॅग तर त्यांच्याकडे नसतेच. आणि विकेट बनवायला माळी हवा, तो आझाद मैदानातही कुठूनतरी आलेलाच आहे.

मोकळं मैदान

मत काढून घेण्याची सूचना मान्य. मुलींचा उल्लेख केलात तोही वाचला, माझ्या पहिल्या पोस्टनंतर केलात, पण केलात. तंबू राहू देत. फक्त हा नियम क्लबांनीच मतदान करून आणायचा आहे हे लक्षात ठेवा. स्वतःचं मत स्वतः कोण घालवेल? तुमचा क्लब सभेत हा ठराव मांडणार असेल तर तारीख इथे लिहा. आणि तोवर, येत्या रविवारी तुमच्या अकरात सोळा वर्षांखालचे किती आहेत तेवढं सांगा. माझ्या मुलीला घेऊन मी बघायला येईन.