मदत हवी आहे: फोनीम आणि मॉर्फीम नेमके ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी. इंग्रजी भाषेचा अभ्यास नुकताच सुरू केलाय. साहित्याचा भाग ठीक चाललाय, पण भाषाविज्ञानाच्या संज्ञांनी डोकं चक्रावलंय, खासकरून फोनीम (बदलला तर शब्द बदलतो असा ध्वनी) आणि मॉर्फीम (अर्थ असलेला शब्दाचा सर्वात लहान तुकडा) यांनी.

‘बटर’मध्ये सिलेबल (उच्चाराचे तुकडे) दोन पण मॉर्फीम एकच, उलट ‘कॅट्स’मध्ये सिलेबल एक आणि मॉर्फीम दोन, इथवर कळलं. अडतं ते ‘वेन्ट’पाशी. ‘वॉक्ड’मधला भूतकाळाचा प्रत्यय बोट ठेवून दाखवता येतो, ‘वेन्ट’मध्ये तो कुठे शोधायचा? मॉर्फीम एक लिहायचा की दोन?

फोनीमचं प्रकरण त्याहून अवघड. ब्रिटिश उच्चारात ‘किल’मधल्या ‘क’सोबत हवेचा झोत येतो, ‘स्किल’मध्ये येत नाही, तरी इंग्रजीत हे एकाच फोनीमचे ॲलोफोन, म्हणजे त्याचीच वेगवेगळी उच्चाररूपं. मराठीत मात्र ‘काल’ आणि ‘खाल’ वेगळे शब्द, म्हणून फोनीम दोन. (आपल्या इंग्रजीत हा झोत बहुधा नसतोच, त्यामुळे कान काही मदत करत नाही!)

ॲलोफोन एकमेकांच्या जागी येत नाहीत, असा नियम वाचला. मग ‘हॅट’मधला ‘ह’ कधी शब्दाच्या शेवटी येत नाही आणि ‘सिंग’च्या शेवटचा अनुनासिक कधी सुरुवातीला येत नाही, म्हणजे हेही एकमेकांच्या जागी येत नाहीत. तरीही हे दोन वेगळे फोनीम कसे? ॲलोफोन ठरायला ध्वनी एकमेकांशी मिळतेजुळतेही असावे लागतात, असं एके ठिकाणी दिसलं, पण किती मिळतेजुळते हे कोण ठरवतं?

नुसत्या व्याख्या नकोत, त्या पाठ आहेत. उदाहरण सोडवून दाखवलंत तर फार बरं होईल. सरावासाठी सोपं पुस्तक असेल तर तेही सुचवा.