जुन्या नाण्यांवर कोरीवकाम : कोणतं नाणं घ्यावं, कोरणी कशी लावावी, राळ कशी करावी?

पितळी दारव्हा

नमस्कार मंडळी. लग्नसराईत भांड्यांवर नावं घालायचं काम करतो. विजेचा पेन आणि हातछिन्नी दोन्ही चालवता येतात. आता जुन्या नाण्यांवर कोरीवकाम करायचं आहे, म्हणजे राजाच्या मुकुटाचा फेटा करायचा, चेहऱ्याचा वऱ्हाडी शेतकरी करायचा, पोळ्याचा सजवलेला बैल काढायचा. अमेरिकेत पाच सेंटच्या नाण्यावर असं काम करायची जुनी रीत आहे, त्याला होबो निकेल म्हणतात. ती नाणी संग्राहक जपून ठेवतात.

अडचणी अशा आहेत. विजेच्या पेनानं नुसते ठिपके पडतात, आकार निघत नाही. हातछिन्नी गालावरून घसरते आणि नाक कापून जाते. चार आण्याच्या पांढऱ्या नाण्यावर टोकच तुटतं. राळेत, म्हणजे नाणं पकडून ठेवणाऱ्या मिश्रणात, बसवलेलं नाणं मधेच उडतं आणि दुपारी राळ मऊ पडते. शिवाय नाणं कोरणं कायद्यात बसतं का? पोळ्याच्या आधी दहा-पंधरा नग करायचे आहेत. सविस्तर सांगावं.

नाणेवाला वर्धा

आधी कायदा, कारण तो न पाहता छिन्नी उचलू नये.

२०११ च्या नाणे कायद्याचं कलम १२ सांगतं की नाणं वितळवायचं नाही, नष्ट करायचं नाही आणि देवाणघेवाणीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायचं नाही. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. त्या कायद्यात नाणं म्हणजे चलन म्हणून वैध असलेलं नाणं. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून वैध चलन राहिली नाहीत. पन्नास पैसे आजही वैध आहेत, त्यामुळे आठ आणे, रुपया, दोन, पाच, दहा यांना हात लावू नका.

दुसरी बाजू वयाची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं. म्हणून पंचम जॉर्जचा पैसा घेताना साल पाहा. १९३० नंतरचे मुबलक मिळतात, तेच घ्या.

आणि शेतात, पडक्या गढीत, विहीर खणताना सापडलेलं नाणं कधीच कोरू नका, घासूसुद्धा नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. १९३९ मध्ये तऱ्हाळ्याला, म्हणजे आताच्या वाशिम जिल्ह्यात, सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला आणि तोवर माहीत नसलेल्या राजांची नावं त्यातून कळली. अशी नाणी कुणी चिंचेनं चकचकीत केली असती तर अक्षरंच उरली नसती. ओळख पटत नसेल तर नागपूरच्या अजबबंगल्यात (मध्यवर्ती संग्रहालयात) दाखवा.

कोरणी वणी

भाऊ, तुमच्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे. तुम्ही चित्र आधी ठरवता आणि नाणं नंतर शोधता. उलट करा.

पंचम किंवा षष्ठ जॉर्जचा पाव आण्याचा तांबडा पैसा २५.४ मिमी व्यासाचा आणि ४.८६ ग्रॅमचा असतो. हिशेब केला तर सरासरी जाडी जेमतेम १.१ मिमी निघते. यात मागची बाजू शाबूत ठेवायची आहे. म्हणजे जमीन, चेहऱ्यामागची सपाट जागा, ०.२५ ते ०.३ मिमीपेक्षा जास्त उतरवता येत नाही. त्याखाली गेलात की मागच्या बाजूला फुगवटा दिसतो आणि नाणं वाकतं. धातू वाढवता येत नाही, फक्त काढता येतो किंवा थोडासा ढकलता येतो. म्हणून जिथे उंचवटा आधीच आहे तिथलंच चित्र घ्या. अमेरिकेत बफेलो निकेल (१९१३ ते १९३८ चं पाच सेंटचं नाणं) कोरणाऱ्यांना आवडलं ते याचसाठी. २१.२ मिमीच्या नाण्यावर माणसाचं डोकं जवळजवळ काठापर्यंत भरलेलं होतं. आधीच्या नाण्यांवरचे चेहरे लहान, त्यात कोरायला जागाच नव्हती.

फेटेवाल्यासाठी पंचम जॉर्जच घ्या. मुकुटाचा फुगवटा फेट्याला पुरतो, दाढी-मिशी तयार आहे, अंगावरच्या झग्याचं उपरणं किंवा घोंगडी होते. षष्ठ जॉर्ज तुळतुळीत आहे, मिशी काढायची तर आजूबाजूचा गाल खाली घ्यावा लागतो आणि चेहरा खंगलेला दिसतो.

बैलासाठी तर सोन्यासारखं नाणं आहे. १९५० ते १९५५ चे अर्धा आणा, एक आणा आणि दोन आणे पाहा, त्यावर वशिंडाचा बैलच उभा आहे. झूल, शिंगांची बेगड, गळ्यातली घुंगरमाळ आणि बाशिंग एवढंच घालायचं. एक आण्याचा काठ नागमोडी आहे, तो तसाच राहू द्या, छान चौकट होते. त्याच सालांच्या एक पैशावर धावता घोडा आहे. अशोकस्तंभाच्या बाजूला मात्र कोरणी लावायची नाही. राजमुद्रेच्या वापराबद्दल २००५ चा वेगळा कायदा आहे आणि तसंही ते शोभत नाही.

पंचवीस पैशावरच्या गेंड्याचा बैल करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. ते नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे. कोरणी फिरेल तसा पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि एचएसएसची (हायस्पीड स्टीलची) धार चार रेघांत जाते. चुंबक लावून पाहा, चिकटलं तर बाजूला ठेवा. जुनं पांढरं चार आण्याचं नाणं, ज्याला चुंबक चिकटत नाही, ते बहुधा तांबं-निकेलचं. ते कोरता येतं, पण कोन बदलावा लागतो.

आता कोरणी. लेथचा एचएसएस टूल बिट १/८ इंची चौरस घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. भांड्यांची छिन्नी यात चालत नाही, तिचं पोलाद आणि कोन दोन्ही वेगळे. खालच्या दोन बाजू १२० अंशांच्या उघड्या व्ही आकारात घासा. समोरचं तोंड तांबड्या पैशासाठी ४५ अंश, तांबं-निकेलसाठी ५० ते ५५ अंश. तुमचं टोक तुटतं ते तोंड फार तिरकं असल्यामुळे, टोकामागे पोलादाचा आधारच उरत नाही. खालून १५ ते २० अंशांची टाच, म्हणजे टोकालगतचा छोटा उतार, द्या. तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असू द्या, नाहीतर वळणावर टाच घासून रेघेची बाहेरची कड चुरगळते. ६०० नंबरच्या डायमंड प्लेटवर घासा, मग १२०० च्या, शेवटी चामड्यावर पॉलिश. घासताना सारखं पाण्यात बुडवा. नखावर हलकं टेकवा, धार असेल तर टोक तिथेच अडकतं, नसेल तर घसरतं. नखावर घसरणारी कोरणी नाण्यावरही घसरणारच. नाक कापलं जायचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण म्हणजे जोर. मूठ तळहातात, जोर तळव्यातून. अंगठा नाण्यावर टेकलेला असतो आणि तोच ब्रेक. ब्रेक नसेल तर कोरणी सुटली की काठापर्यंत जाते, आणि समोर दुसऱ्या हाताची बोटं असतात. ती कायम कोरणीच्या मागे ठेवा. एका फेरीत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी काढा. वळण घेताना हात नाही, नाणं फिरवायचं. त्यासाठी ठोकळा वाळूच्या चामडी पिशवीवर ठेवा. रेघ संपवताना टोक वर उचकू नका, मूठ खाली दाबत बाहेर काढा. उचकलं की टोक मोडून खाचेतच राहतं. कीस चकचकीत आणि वेटोळा निघाला तर सगळं बरोबर, भुकटी निघाली तर धार लावा. अ‍ॅल्युमिनियमच्या दहा-वीस पैशांवर सराव करणार असाल तर रॉकेलचं बोट फिरवत राहा, नाहीतर धातू टोकाला चिकटतो.

क्रम बदलू नका. पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात, त्यावर पेन्सिल, मग सुईनं बाह्यरेषा. बाह्यरेषा कोरून झाली की जमीन उतरवायची, मग फेटा, गाल, खांदा असे मोठे गोलावे. केस, घड्या, डोळा शेवटी. डोळा आधी केला तर गाल घासताना तो पुसला जातो.

तुमचा विजेचा पेन टाकू नका. उतरवलेल्या जमिनीवर दाट ठिपके मारायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, कोरणीचे सगळे ओरखडे त्याखाली जातात. ठिपके एकसारखे आणि दाट हवेत. विरळ पडले तर देवी आल्यासारखे दिसतात.

सराफ ओळ, अकोट

वरचं सगळं बरोबर, पण राळेबद्दल राहिलं.

नाणं उडतं कारण राळ गरम असते आणि नाणं थंड. थंड धातूला राळ नुसती टेकते, धरत नाही. नाणं चिमट्यात धरून हाताला सोसणार नाही इतकं तापवा, मग दाबा. काठावर राळेची बारीक कड चढू द्या, पण कोरायच्या बाजूवर येऊ देऊ नका. पूर्ण थंड झाल्याशिवाय कोरणी लावू नका.

ठसे मारायचे असतील तर राळेचं मिश्रण पाहिजे : राळ ५०० ग्रॅम, चाळलेली विटेची भुकटी ५०० ते ६०० ग्रॅम, जवसाचं तेल ३० ते ५० मिली. मे महिन्यात तेल निम्मं करा. आपल्याकडे टिनाखाली पंचेचाळीसच्या वर पारा जातो, तिथे हिवाळ्याच्या मापाची राळ पाघळणारच. भुकटी तव्यावर भाजून कोरडी करा, ओलसर राहिली तर वितळलेल्या राळेत फेस येऊन अंगावर उडते. मंद आचेवर करा, राळ पेट घेते. थेंब दगडावर टाकून थंड करा आणि नख दाबा. नखाची खूण उठावी, तुकडा उडू नये. तुकडा उडाला तर तेल कमी, नख रुतलं तर जास्त.

पण निव्वळ कोरायचंच असेल तर राळेपेक्षा लाख बरी. चपडा लाख आणि विटेची भुकटी समभाग, बाभळीच्या किंवा सागाच्या ठोकळ्यावर. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर लाख होते, सोनारांकडे चपडा मिळतोच. लाख जास्त कडक बसते, नाणं दबत नाही आणि कोरणी थरथरत नाही. काम झाल्यावर हलकं तापवून काढा, उरलेली स्पिरिटनं पुसा. दुपारी तरीही मऊ पडली तर ठोकळा ओल्या गोणपाटावर ठेवा. बारीक काम सकाळीच उरकावं हे उत्तम.

पितळी दारव्हा

फारच उपयोगी. दोन प्रश्न राहिले. कोरण्याआधी नाणं तापवून नरम करावं का? आणि शेवटी खाचा काळ्या कशा करायच्या? गाडगेबाबांचा चेहरा करावा असंही मनात आहे.

सराफ ओळ, अकोट

माझं मत नरम करावं. अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल होईपर्यंत तापवा, लाली गेली की पाण्यात. उन्हात तापवू नका, लाली दिसत नाही आणि नाणं जास्त तापून वरचा भाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. काळा थर लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात निघतो, लिटरला १०० ग्रॅम.

कोरणी वणी

इथे मी सहमत नाही. ठशानं धातू ढकलायचा असेल, चेहरा फुगवायचा असेल तर नरम करणं भाग आहे. कोरण्यासाठी नको. टाकसाळीत दाबलेलं नाणं कडक असतं, म्हणून रेघ स्वच्छ तुटते. नरम केलेलं तांबडं नाणं कोरणीला चिकटतं आणि रेघेच्या दोन्ही कडांना फुसकुली उठते, ती घासावी लागते, घासली की बारीक काम गेलं.

गाडगेबाबांचं : पैशावर चेहरा जेमतेम बारा-तेरा मिमी उंच मिळतो. त्यात ओळखीच्या माणसाचं साम्य साधणं फार अवघड आहे, डोळा केसभर सरकला तरी चेहरा दुसऱ्याचाच होतो. ज्यांना लोक हात जोडतात त्यांच्या बाबतीत हा धोका पत्करू नये. हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेतलेली पूर्ण आकृती करा. चेहरा न कोरताही माणूस लगेच ओळखू येतो.

संत्रा मोर्शी

काळं करण्याचं मी सांगतो. बागेत फवारायचं गंधक-चुन्याचं द्रावण तांबड्या पैशाला चालतं. गंधक २ भाग, कळीचा चुना १ भाग, पाणी १० भाग, लालसर तांबूस होईपर्यंत उकळा, निवळ घ्या आणि दहापट पातळ करा. नाणं आधी साबणानं धुवा, बोटाचं तेल राहिलं तिथे डाग राहतो. बुडवा, तपकिरी-काळं झालं की लगेच काढा. जाड थर पापुद्र्यासारखा निघून जातो, म्हणून घाई न करता दोन-तीन वेळा बुडवलेलं चांगलं. मग अंगठ्यावर चपटा कापसाचा बोळा आणि रांगोळीची बारीक पूड घेऊन फक्त उंचवटे उजळा.

लिंबूसत्वातून काढलेलं नाणं सोड्याच्या पाण्यात धुतल्याशिवाय या द्रावणात टाकू नका. आम्ल आणि गंधक-चुना एकत्र आले की विषारी वायू सुटतो. काम उघड्यावरच करा, भांडं पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

बैलाच्या आण्यावर हे लागत नाही, निकेल काळं पडत नाही. तिथे काजळी जवसाच्या तेलात घोटून खाचांत भरा, वरून कोरड्या कापडानं पुसा आणि आठवडाभर वाळू द्या. शेवटी दोन्हींवर मेणाचा पातळ हात.

नाणेवाला वर्धा

विक्रीबद्दल एवढंच. पाकिटावर "कोरलेलं नाणं", मूळ नाण्याचं साल आणि तुमची खूण लिहा. खूण नाण्याच्या काठाजवळ एकाच जागी, दीड मिमीपेक्षा मोठी नको. मागची बाजू आणि साल शाबूत ठेवलं तर घेणाऱ्याला मूळ नाणं पटतं, संग्राहक आधी तेच पाहतो. "दुर्मीळ" असं लिहू नका. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून फसवणारे फोन गावोगावी येतात, रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये तसा इशाराही दिला होता. जत्रेत मिळणारे रामदरबाराचे १८१८ सालचे "आणे" मुळात नाणीच नाहीत, सरावाला घ्या आणि विकायला ठेवू नका. सरावासाठी त्याहून चांगला १८ गेजचा तांब्याचा पत्रा. भंडाऱ्याच्या भांडीवाल्यांकडे कातरण वजनावर मिळते, त्यातून पंचवीस मिमीच्या चकत्या पाडा.