मदत हवी आहे : जुन्या पेंटिंगचा रंग कुठून तपासायचा?

नेपल्सला असतो, इथल्या जुन्या बाजारात एक ऑइल पेंटिंग घेतलंय, साधारण ३ बाय ४ फूट. ग्रीक कथेतल्या धावण्याच्या शर्यतीचा प्रसंग आहे : अ‍ॅटलांटा सोन्याचं सफरचंद उचलायला वाकलीये आणि तिचा प्रतिस्पर्धी हिप्पोमेनस पुढे सटकतोय. १७व्या शतकातला इटालियन चित्रकार ग्विदो रेनीच्या चित्राची कॉपी आहे हे माहितीये, त्याने स्वतः काढलेली इथे कापोदिमोंते म्युझियममध्ये आणि माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहेत, त्यामुळे लॉटरी लागली का विचारू नका 😀

सही नाही. मागे दुसरं कापड चिकटवलंय म्हणून मूळ कॅनव्हास दिसत नाही. कॅनव्हास ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यात पाचरी आहेत म्हणजे ती १८व्या शतकाच्या मध्यानंतरची असावी, पण चौकट काय नंतरही बदलतात. यूव्ही टॉर्च मारला तर वार्निश हिरवट चमकतं, फक्त तिच्या खांद्यावर तळहाताएवढा काळपट डाग, तिथे नंतर रंग लावलेला दिसतोय. पुसलंबिसलं काही नाही.

आता आकाशाच्या निळ्याची टेस्ट करायचा विचार आहे, प्रशियन ब्लू (१७००नंतर बनू लागलेला निळा रंग) निघाला तर १७००च्या आधीचं नाही एवढं तरी कळेल. बजेट ३०० युरो, पूर्ण रिस्टोरेशन नकोय.

मग सॅम्पल नेमका कुठून घ्यायला सांगू, म्हणजे मूळ रंगच येईल, नंतरचा टचअप नाही? आणि कण न खरवडता हे होतं का?