मदत हवी आहे : वृद्ध कारवान कुत्र्याला निरोप देण्याची वेळ कशी ओळखावी?

मोहोळ तालुक्यातील आमच्या शेतवस्तीवर चित्र्या नावाचा तेरा वर्षांचा कारवान जातीचा कुत्रा आहे. कर्नाटकात याच जातीला मुधोळ म्हणतात. आजोबांच्या तरुणपणी ही कुत्री सशांमागे सोडली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले आणि आमच्या चित्र्याच्या वाट्याला मक्यात शिरलेली रानडुकरे हुसकावण्याचेच काम आले. ते त्याने अगदी अलीकडेपर्यंत चोख केले.

आता मात्र त्याचे मागचे पाय साथ देत नाहीत. उठताना कंबर एका बाजूला कलते, चालताना पंजे उलटे पडून नखे जमिनीला घासतात आणि रात्री तो सतत कूस बदलत कण्हत असतो. सोलापुरातील पशुवैद्यकांनी एक्स-रे काढून खुब्यांची व कमरेच्या मणक्यांची झीज असल्याचे सांगितले. रक्ततपासणीत क्रिएटिनिनही (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) वाढलेले आढळले, त्यामुळे मेलोक्सिकॅमसारखे वेदनाशामक औषध दीर्घकाळ दिल्यास मूत्रपिंडे आणखी खालावतील, असे त्यांचे मत आहे. सध्या गॅबापेन्टिन हे वेदनेवरचे दुसरे औषध चालू असून त्याने थोडा उतार पडतो. दूध-भाकरी तो खातो, पण पूर्वीच्या निम्मीच.

खरी अडचण पुढे आहे. माळावर दूर काळवीट दिसले की हाच कुत्रा कान टवकारून उभा राहतो आणि चार ढांगा टाकतोसुद्धा. आमचे अण्णा म्हणतात, ज्याची नजर अजून सावजावर आहे त्याला आपण कसे संपवायचे, तो त्याच्या आयुष्याने जाईल. आईला रात्रीचे कण्हणे ऐकवत नाही. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. वस्तीवरच्या एका गृहस्थांनी भाकरीतून विषाची गोळी देण्याचा सल्ला दिला, तो अर्थातच आम्ही ऐकला नाही.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४२ च्या वर जातो. त्याआधीच ठरवणे योग्य होईल, की औषधावर आणखी वाट पाहावी? ज्यांनी शिकारी जातीची कुत्री शेवटपर्यंत सांभाळली आहेत, त्यांनी नेमके काय पाहून ठरवले, हे कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आमच्याकडे मंगळवेढ्याच्या बाजूला दोन पिढ्या कारवान आणि पश्मी (लांब केसांची शिकारी) कुत्री आहेत, म्हणून अनुभवाचे लिहितो. काळवीट पाहून उभे राहणे हा त्याच्या सुखाचा पुरावा मानू नये. ही जात नजरेवर धावणारी आहे आणि हलणारे सावज दिसले की तिला दुखण्याचे भान उरत नाही. आमचा एक कुत्रा पाय मोडलेला असताना मुंगसामागे धावला होता. तुमच्या अण्णांना विनंती करा की त्यांनी त्या चार ढांगा पाहू नयेत, त्यानंतरचा अर्धा तास पाहावा. तो धापा टाकत कुठे बसतो, पुन्हा उठायला किती वेळ लावतो, पाय थरथरतात का, हे त्यातून कळेल.

दुसरे, दुपारी लिंबाची सावली सरकते तेव्हा तो आपणहून सावलीत सरकतो का, हे पाहावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात ज्या कुत्र्याला सावली बदलायलाही माणूस लागतो, त्याला वस्तीवर एकटे सोडताच येत नाही. या कुत्र्यांच्या अंगावर मांस कमी असल्याने कोपरांना आणि खुब्यांना लवकर जखमा पडतात व माश्या बसून त्यांत अळ्या होतात. जाड गोधडी घालावी आणि दिवसातून अनेकदा कूस बदलून द्यावी. हे घरच्यांकडून होणार नसेल, तर तसे स्पष्ट बोलून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

प्रतिसाद २ (पशुवैद्यक)

वरील निरीक्षणाशी सहमत आहे. अमेरिकेतील पशुवैद्यक अ‍ॅलिस विलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. तिच्यात वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण देतात व बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळणे चालू ठेवता येते. अण्णांनी आणि आईंनी वेगवेगळे गुण लिहावेत. दोघांच्या आकड्यांतील फरक कशात आहे हे कळले, तर वाद बराच मिटतो. मर्यादा मात्र चांगल्या दिवशी ठरवावी, रात्रभर कण्हणे ऐकून पहाटे नव्हे.

गॅबापेन्टिनची मात्रा मूत्रपिंडांच्या स्थितीनुसार बदलता येते, तेव्हा तुमच्या डॉक्टरांशी एकदा पुन्हा बोलावे. माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मात्र कदापि देऊ नये. विषाच्या गोळीत कुत्र्याचे अतोनात हाल होतात आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार असे विष देणे हा गुन्हा आहे.

प्रत्यक्ष वेळ आल्यास आधी गुंगीचे इंजेक्शन देऊन नंतर शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा दिली जाते. कुत्रा काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडे राहतात, एखादा मोठा श्वास येतो किंवा लघवी होते. त्या वेळी त्याला काही जाणवत नसते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. हे औषध शवात राहते, म्हणून शव माळावर टाकू नये. निदान चार फूट खोल पुरावे, अन्यथा ते खाणारी घार वा कोल्हा मरू शकतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. अण्णांनी गुण लिहिण्यास होकार दिला, पण ‘आनंद’ या रकान्यात त्यांनी न विचारता दहा टाकले आहेत. आईने तिथे चार लिहिले आहेत. ‘हालचाल’ मात्र दोघांचीही दोनवर जुळली. पुढच्या आठवड्यात औषधाची मात्रा बदलून पाहू आणि तोवर तो स्वतः सावलीत सरकतो की नाही याची नोंद ठेवू. सरकणे बंद झाले तर उन्हाळ्याची वाट पाहायची नाही, एवढे घरात ठरले आहे. खडबडीत रस्त्याने गाडीत घालून त्याला शहरात नेण्याची आमची इच्छा नाही, तेव्हा मोहोळ परिसरात वस्तीवर येणारे पशुवैद्यक कोणाला माहीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.